चालत्या घरांतून कोंकणकिनारा

म्हातारपण आणि प्रवास हे दोन शब्द एकत्र आले कीं मराठी मनापुढें प्रथम उभी राहते ती काशीयात्रा. संसार मुलांच्या हातीं सोंपवून, देण्याघेण्याचा हिशेब पुरा करून मगच निघावयाचें, असा त्या यात्रेचा शिरस्ता होता. कारण परत येण्याची खात्री कोणासच नसे. आज काळ पालटला आहे. साठी-सत्तरी उलटलेलीं माणसें आतां निरोप घेण्यासाठीं नव्हे, तर पाहण्यासाठीं प्रवास करूं लागलीं आहेत. त्यांच्या सोयीचें एक नवें वाहन अलीकडे महाराष्ट्रांत दिसूं लागलें आहे. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. मराठींत चालतें घर म्हणावयास हरकत नाहीं. झोपण्याची जागा, लहानशी चूल, पाण्याची टांकी आणि शौचकूप हीं सर्व त्या एका गाडींत असतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या प्रकारच्या पर्यटनाचें स्वतंत्र धोरणही मंजूर केलें.

समजा, सानपाड्यांतील एखादे आजीआजोबा अशा गाडींतून कोंकणचा किनारा पाहावयास निघाले आहेत. सानपाडा हें मूळचें खाडीकांठचें आगरी-कोळ्यांचें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसूं लागली आणि तें शहराचा भाग बनलें. शीव-पनवेल महामार्ग दाराशींच असल्यामुळें तेथून मुंबईची गर्दी न ओलांडतां पनवेल, पेण, अलिबाग अशी वाट धरतां येते. अलिबागेपासून समुद्र उजव्या हातीं लागतो आणि सिंधुदुर्गाच्या टोंकाला, रेडीपर्यंत, तो फारसा सुटत नाहीं. हा सागरी मार्ग सुमारें ५०० किलोमीटरांचा आहे.

या पिढीला हा किनारा अगदींच अनोळखी नाहीं. तिच्या बालपणीं मुंबईहून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशीं बंदरें घेत जाई आणि उतारूंना भर पाण्यांत पडावांत उतरवून किनाऱ्यास लावीत. त्या प्रवासाला भीतीची किनार होती. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडून शेंकडों माणसें गेलीं, ही आठवण कोंकणी घरांतून अजून पुसलेली नाहीं. पुढें रस्ते सुधारले, आगबोटी बंद पडल्या, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. परंतु महामार्ग आणि रेल्वे हीं दोन्ही बव्हंशीं किनाऱ्यापासून दूर, आंतल्या बाजूनें जातात. गांव जवळ आलें, पण समुद्र दृष्टिआड झाला. सागरी मार्गानें जाणारा वृद्ध प्रवासी जुनीं बंदरें पुन्हां पाहतो, एवढेंच कीं या वेळीं जमिनीच्या बाजूनें.

या प्रवासाला शरद ऋतु कां निवडावा, याला कारणें आहेत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोंकणांतून सामान्यतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत माघार घेतो. त्याच्याबरोबर जोराचा वारा जातो आणि समुद्र निवळतो. जून-जुलैमधील मासेमारीची बंदी केव्हांच उठलेली असते, त्यामुळें होड्या पाण्यांत आणि मासळी बाजारांत असते. भातशेतें पिवळीं होऊन कापणीस आलेलीं असतात. दिवसा तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्रीं जमीन लवकर निवली कीं मतलई वारे समुद्राकडे वाहूं लागतात. किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्याला हा पालट अंगानें कळतो. मात्र आश्विनांतील ऊन फसवें असतें. आकाश निरभ्र, सूर्य प्रखर आणि भुईंत पावसाचें पाणी शिल्लक, अशा मेळानें दमट उकाडा होतो. वृद्धांनीं सकाळीं दहापर्यंत गाडी हांकावी, दुपार सावलींत काढावी आणि शक्य तर दिवाळीनंतर निघावें, हें बरें. पावसाळ्यानंतर अरबी समुद्रांत वादळें होऊं शकतात, हेंही ध्यानांत ठेवावें. २००९ च्या नोव्हेंबरांत ‘फयान’ वादळानें याच किनाऱ्याला झोडपलें होतें. हवामानखात्याची सूचना रोज सकाळीं ऐकणें ही येथें हौस नव्हे, गरज आहे.

कोंकणच्या किनाऱ्यावरून सरळ रेषेंत जातां येत नाहीं. सह्याद्रींत उगम पावलेल्या नद्या लांब खाड्या करून समुद्रास मिळतात आणि प्रत्येक खाडी रस्ता तोडते. कोठें पूल आहेत. रेवदंड्याला कुंडलिकेवर आहे, रत्नागिरीजवळ भाट्याला आहे. जेथें पूल नाहीं तेथें मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. मुरूडचा जंजिरा पाहून पुढें गेल्यावर आगरदांड्याहून दिघीला, हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवीला, दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला या बोटी जातात. या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याच्या योजना शासनानें आंखल्या आहेत. ते पुरे झाले म्हणजे वेळ वांचेल. पण गाडींतून उतरून कठड्याशीं उभें राहून पाणी पाहण्याचा तो थोडा वेळही जाईल. ज्यांना घाई नाहीं त्यांनीं फेरीबोटीचा हा आनंद अवश्य घ्यावा.

मात्र जड गाडीनें फेरीबोटींत चढतांना भरती-ओहोटीचें गणित पाहावें लागतें. दोन भरत्यांमध्यें साधारण १२ तास २५ मिनिटांचें अंतर असतें, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. तेव्हां भरती फार चढते आणि ओहोटीला पाणी फार खालीं जातें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. पाणी फार उतरलेलें असतां धक्क्याचा उतार अवघड होतो आणि लांब, ठेंगण्या गाडीचा मागचा भाग घांसण्याची भीति असते. म्हणून बोटीवरील माणसांना गाडीची लांबी आणि वजन आधीं सांगावें. कोजागिरीचें चांदणें किनाऱ्यावर पाहावयाचें असेल तर तीच उधाणाची रात्र आहे हें विसरूं नये, आणि गाडी कोणत्याही परिस्थितींत वाळूंत उतरवूं नये. तसेंच, गांवांतील रस्ते जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जातात आणि वर माडांच्या झांवळ्या व विजेच्या तारा असतात. गाडी गांवाबाहेर ठेवून पायीं आंत जावें.

आतां गाडीच्या आंतील व्यवस्थेकडे वळूं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १०० लिटरांची टांकी भरली कीं गाडी एक क्विंटलानें जड होते. रात्रींच्या दिव्या-पंख्यांसाठीं निराळी बॅटरी असते. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबानें १,२०० वॅट-तास वीज देते. तीस वॅटचा पंखा तिच्यावर रात्रभर आरामांत चालतो; हजार वॅटचें वातानुकूलन यंत्र मात्र ती तासाभरांत रिकामी करतें. म्हणून जेथें बाहेरून वीज जोडतां येईल अशाच जागीं मुक्काम ठरवावा. मैल्याची पेटी योग्य ठिकाणींच रिकामी करावी. ती खाडींत ओतणें म्हणजे कोळ्याच्या अन्नांत घाण करणें होय.

या घरगाडीचा खरा उपकार मात्र याच शौचकूपाचा आहे. प्रवासांत वाटेवर सोय नाहीं म्हणून अनेक वृद्ध स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहींत. रक्तदाबावरील कांहीं औषधें लघवीचें प्रमाण वाढवितात, म्हणून कोणी तीं घेणेंही टाळतात. उकाड्यांत पाणी तोडलें कीं रक्तदाब उतरतो, चक्कर येते, आणि त्या वयांतील एक पडणें आयुष्यभराचें अंथरूण ठरूं शकतें. मग घरचीं माणसें म्हणतात, ‘आईला प्रवास सोसत नाहीं.’ वस्तुतः प्रवास सोसत नसतो असें नाहीं. संकोच सोसत नसतो. चार हातांवर शौचकूप असलें कीं पाणीही पोटांत जातें आणि औषधही.

मुलांना काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. तिला उत्तर तयारीनेंच द्यावें. गाडी हांकण्यास चालक घ्यावा. आजोबांना स्वतःच हांकावयाची असेल तर पंचावन्नीनंतर परवाना पांच-पांच वर्षांनीं नवा करावा लागतो, तो तपासावा. दर तासा-दीड तासानें उतरून चार पावलें चालावें. बसून राहिल्यानें पायांत रक्त सांकळण्याचा धोका असतो. औषधें दोन ठिकाणीं, दुप्पट दिवसांचीं ठेवावींत. जिल्हा रुग्णालयें अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथें आहेत, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक राज्यभर चालतो. पण मधल्या खाड्यांमुळें नकाशावर जवळ दिसणारें गांव रात्रीं फार दूर असूं शकतें, म्हणून मुक्काम ठरवितांना ‘येथून रात्रीं रुग्णालयांत कसें जाऊं?’ हा प्रश्न आधीं विचारावा. पहिली रात्र अलिबागेसच काढावी. तेथून सानपाडा दोन-तीन तासांवर आहे. झोप लागली नाहीं, गुडघा दुखला, तर परत फिरण्यांत कमीपणा नाहीं.

दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, असा वेग धरला तर सात-आठ दिवसांत रेडी येते. तितक्या दिवसांत कोणाला केशवसुतांचें मालगुंड पाहावयाचें असेल, कोणाला मालवणास सिंधुदुर्ग. कोणाला फक्त वडिलांच्या गांवच्या बंद घराचें कुलूप उघडून, ओटी झाडून, तुळशीपुढें दिवा लावून परत यावयाचें असेल. तें घर रस्त्यापासून आंत असो, त्यांत पाणी नसो, वीज तोडलेली असो. झोपावयाची सोय बरोबर आणलेलीच आहे. वृद्धांना कोठें जावयाचें हें आजवर बहुधा दुसरे ठरवीत आले. या गाडीनें तो निर्णय कांहीं दिवसांपुरता कां होईना, त्यांच्या हातीं परत दिला आहे. आणि योग्य तयारी असेल तर तो निर्णय त्यांना घेऊं द्यावा, हेंच घरच्यांचें खरें कर्तव्य.