नाण्यांची पेटी आणि एक गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंगाने अधू असलेल्या गाणाऱ्या माणसाची एक प्रतिमा आपल्या मनात फार जुनी आहे. भल्या पहाटे दान मागत फिरणाऱ्या लोकगायकांना आपल्याकडे ‘पांगुळ’ म्हणतात. ज्ञानदेवांनी आणि एकनाथांनी याच नावाची रूपकं रचली. तिथला पांगुळ म्हणजे देवाच्या दारी आलेला जीव. रूपक मोठं सुंदर आहे, पण त्यामागची समजूत अशी, की पांगळा माणूस गातो तो काहीतरी मागण्यासाठी. ऐकणाऱ्याने कळवळावं आणि ओंजळीत काहीतरी टाकावं.

आज मी ज्या गायकाविषयी बोलणार आहे, त्याने ही समजूतच उलटी केली. त्याचं नाव इयन ड्यूरी. इंग्लंडमधला हा गीतकार आणि गायक. डावा पाय, डावा हात आणि खांदा पोलिओने वाळलेला. त्याने लिहिलेलं एक गाणं बीबीसीने वाजवायचं नाकारलं आणि तेच गाणं एकतीस वर्षांनी राणीच्या उपस्थितीत, भरलेल्या स्टेडियममध्ये गायलं गेलं. या दोन घटनांच्या मधे काय बदललं, हे समजून घेण्यासारखं आहे.

ड्यूरीचा जन्म १२ मे १९४२ चा, लंडनजवळच्या हॅरो इथला. वडील एके काळी मुष्टियुद्ध खेळलेले, पुढे बसचालक आणि नंतर श्रीमंतांच्या मोटारी चालवणारे. आई सुशिक्षित घरातली आणि घरोघरी जाऊन आरोग्याची देखभाल करणारी परिचारिका. दोघांचं फार काळ पटलं नाही. मुलगा आईकडे वाढला. १९४९ मध्ये, सातव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. साउथएंड या समुद्रकाठच्या गावी पोहण्याच्या तलावात आपल्याला तो लागला असावा, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं.

पोलिओ काय करतो, हे थोडं सांगायला हवं. हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुतेकांना थोडा ताप येतो किंवा तेवढंही होत नाही. सुमारे दोनशे जणांत एखाद्याच्या बाबतीत मात्र तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. हुकूम बंद झाला की स्नायू लुळा पडतो आणि हळूहळू वाळतो. मूल वाढत राहतं, पण तो हात किंवा पाय त्याच्या बरोबरीने वाढत नाही. स्पर्श मात्र शाबूत राहतो. डास चावलेला कळतो, पण पाय हलवून तो उडवता येत नाही. अमेरिकेत साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं एप्रिल १९५५ मध्ये. ड्यूरीसाठी ती सहा वर्षं उशिरा आली.

सुरुवातीला कॉर्नवॉलमधल्या रुग्णालयात सहा आठवडे अंगभर प्लास्टर. मग एसेक्समधल्या ब्लॅक नॉटली रुग्णालयात जवळपास दीड वर्ष. तिथून १९५१ मध्ये त्याची रवानगी झाली चेली या गावच्या अपंग मुलांच्या निवासी शाळेत. तिथे मुलांना चांभारकाम, छपाई असे हातचे उद्योग शिकवत. शाळा कडक होती. पडलास तर तुझा तू उठ, असा खाक्या. आपण टणक झालो ते तिथे, असं ड्यूरी पुढे सांगे. त्यानंतरच्या शाळेत तो रमला नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्याने वॉल्थमस्टोच्या कला महाविद्यालयात चित्रकलेसाठी नाव घातलं. पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो शिकला. त्याचे गुरू होते पीटर ब्लेक. ‘बीटल्स’च्या ‘सार्जंट पेपर’ या गाजलेल्या तबकडीचं मुखपृष्ठ ज्या जोडीने केलं, त्यांतले हे एक. शिक्षण संपवून ड्यूरी स्वतः चित्रकला शिकवू लागला.

म्हणजे हा माणूस गाण्याकडे आला तो तिशीच्या उंबरठ्यावर. १९७१ मध्ये त्याने ‘किलबर्न अँड द हाय रोड्स’ नावाचं वाद्यवृंदाचं पथक काढलं. त्यातला तबकडीवर छान दिसेल असा एकही नव्हता. ढोल वाजवणारा कुबड्या घेऊन चालायचा आणि गाणारा मायक्रोफोनच्या दांड्याला लटकल्यासारखा उभा असायचा. त्याला आधाराची गरज होती, म्हणून त्याने आधार घेण्याचीच एक ढब बनवली. पुढे पंक संगीताच्या लाटेत जॉन लिडनसारखे धडधाकट गायक मायक्रोफोनला तसेच लोंबकळू लागले, तेव्हा जाणकारांना त्यात ड्यूरीची छाप दिसली. गरजेपोटी आलेली गोष्ट अशी शैली होऊन बसली.

त्याचा स्वतःचा आदर्श होता अमेरिकन गायक जीन व्हिन्सेंट. १९५५ मधल्या मोटारसायकलच्या अपघातात व्हिन्सेंटचा पाय चिरडला होता आणि पायाला लोखंडी पट्ट्या बांधून तो मंचावर उभा राहत असे. ड्यूरीने त्याच्यावर १९७७ मध्ये एक गाणं केलं. त्यात कुठेही अश्रू नाहीत. एका चाहत्याने आवडत्या गायकाला केलेला तो मुजरा आहे.

ड्यूरीची लिहिण्याची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. शब्द आधी आणि चाल नंतर. तो शब्द टंकून द्यायचा आणि त्याचा जोडीदार चॅझ जँकल त्यांना चाल लावायचा. गळा काही फार गोड नव्हता. अर्धं गाणं, अर्धं बोलणं. पोवाड्यात शाहीर गाता गाता मधेच गद्यावर येतो आणि तरी लय सुटत नाही, तसंच काहीसं. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत ‘म्युझिक हॉल’ नावाचा विनोदी गाण्यांचा जुना खेळ होता. ड्यूरीने तो बाज उचलला आणि त्याला नव्या ठेक्यावर बसवलं. त्या काळी बरेचसे इंग्रज गायक अमेरिकन उच्चार करून गात. हा लंडन-एसेक्सकडच्या रांगड्या बोलीत गायचा. कोपऱ्यावरचे चोर, फेरीवाले, बढाईखोर रंगेल गडी अशी माणसं त्याच्या गाण्यांत नावानिशी येतात. वडिलांवरचं त्याचं गाणं तर साधेपणामुळेच काळजाला भिडतं.

१९७७ च्या सप्टेंबरमध्ये त्याची ‘न्यू बूट्स अँड पँटीज’ ही तबकडी आली. नावातली गंमत अशी, की तो कपडे जुन्या बाजारातले घ्यायचा, फक्त बूट आणि आतले कपडे तेवढे नवे. मुखपृष्ठावर एका दुकानासमोर तो स्वतः आणि त्याचा लहानगा मुलगा बॅक्स्टर उभे आहेत. त्याच्या पथकाचं नाव आता ‘द ब्लॉकहेड्स’ झालं होतं. जानेवारी १९७९ मध्ये ‘हिट मी विथ युअर ऱ्हिदम स्टिक’ हे त्याचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या जवळजवळ दहा लाख प्रती खपल्या. तोवर तो छत्तीस वर्षांचा झाला होता. या यशात ‘बिचारा अपंग असूनही’ असं म्हणायला कुठे जागाच नव्हती. लोक नाचत होते ते ठेका चांगला होता म्हणून.

आणि मग आलं १९८१. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. ते आपल्याकडेही साजरं झालं. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या डाव्या पायाला पोलिओचा कॅलिपर आहे, तो तेव्हाही होता. एका समारंभात आम्हा पाच-सहा जणांचा सत्कार ठरला. प्रमुख पाहुणे म्हणाले, ‘देव एक काढून घेतो, पण दुसरं भरभरून देतो.’ टाळ्या झाल्या. त्या मंचाला पायऱ्या होत्या पाच, आणि कठडा एकही नव्हता. सत्कारासाठी आम्हाला दोघा-दोघांनी काखेत धरून वर चढवलं आणि तसंच उतरवलं. गुलाबाचं फूल हातात घेऊन मी उतरत होतो, तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, कठडा होता.

काही वर्षांनी मुंबईत एका मित्राने मला ड्यूरीचं त्याच १९८१ सालचं गाणं कॅसेटवर ऐकवलं. ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’. ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की त्या समारंभात माझ्या मनात जे चाललं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी मनातही चाललं होतं.

अपंगांसाठी असं एक वर्ष पाळायचं, ही कल्पनाच ड्यूरीला वरून पाठीवर थाप मारल्यासारखी वाटली. एका वर्षाने काय होणार? एकतीस डिसेंबरनंतर आम्ही सगळे चालू लागणार का? ब्रिटनमध्ये तेव्हा दुकानांबाहेर पायाला पट्ट्या बांधलेल्या मुलीची पुतळी असलेल्या दानपेट्या ठेवलेल्या असत. येणारे-जाणारे त्यात नाणी टाकत. ड्यूरीने गाण्यात त्या दयेचीच टर उडवली. आपलं शरीर काय करतं आणि काय करत नाही, हे त्यातला गाणारा आडपडदा न ठेवता सांगतो, आणि ऐकणाऱ्याला अवघडून टाकतो.

शीर्षकाकडे जरा बघू या. ‘स्पॅस्टिक’ हा मूळचा वैद्यकातला शब्द. मेंदूच्या पक्षाघातात स्नायू ताठरतात, त्यासाठीचा. इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांनी त्याची शिवी करून टाकली होती. आता गंमत अशी, की पोलिओचा स्नायू ताठर नसतो, तो लुळा असतो. वैद्यकाच्या भाषेत ड्यूरी ‘स्पॅस्टिक’ नव्हताच! मग त्याने ते नाव का घेतलं? १९६० च्या ‘स्पार्टाकस’ चित्रपटात एक प्रसंग आहे. बंड करून पकडले गेलेल्या गुलामांना विचारलं जातं, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? त्याला वाचवण्यासाठी एकामागून एक सगळेच उठतात आणि आपणच स्पार्टाकस असल्याचं सांगतात. ड्यूरीने तेच केलं. दुसऱ्याला दिलेली शिवी त्याने स्वतःचं नाव म्हणून घेतली.

बीबीसीला हे मानवलं नाही. गाण्यावर बंदी आली आणि तबकडी कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. अपंगांच्या भावना दुखावतील, असा सूर होता. पण ते लिहिणारा अपंगच होता! या घटनेनंतर त्याची लोकप्रियता ओसरली. पुढे त्याने नाटक-सिनेमांत कामं केली, ‘ॲपल्स’ नावाचं संगीत नाटक लिहिलं, अधूनमधून तबकड्या काढल्या.

शब्दांचा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. इंग्लंडमधल्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’ने १९९४ मध्ये आपलं नाव बदलून ‘स्कोप’ केलं. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेली ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ आज ‘अडॅप्ट’ म्हणून ओळखली जाते. मराठीत आम्ही आधी पांगळे होतो, मग अपंग, मग विकलांग, आता दिव्यांग. मला यातला कुठलाही शब्द चालतो. फक्त नवा शब्द आला म्हणजे मंचाला कठडा आला, असं कुणी समजू नये.

ड्यूरीच्या आयुष्याचा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९९६ मध्ये त्याला कर्करोग झाल्याचं कळलं. १९९८ मध्ये तो यकृतात पसरल्याचं निष्पन्न झालं. त्याच वर्षी ‘मिस्टर लव्ह पँट्स’ ही त्याची तबकडी आली. आणि त्याच सुमारास हा आजारी माणूस युनिसेफच्या पोलिओ निर्मूलन मोहिमेसाठी झांबिया आणि श्रीलंकेत लहान मुलांच्या लसीकरणाला गेला.

इथे कुणी विचारेल, अपंगत्वाची लाज नाही म्हणणारा माणूस ते टाळण्यासाठी का धडपडतो? मला यात विसंगती दिसत नाही. मूल पांगळं होऊ नये म्हणून त्याच्या तोंडात दोन थेंब घालायचे आणि जे झालं आहे त्याला कमी लेखायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात. पहिल्या कामाला लस लागते. दुसऱ्याला कठडा लागतो, उतार लागतो, नोकरी लागते. दोन्हींत दयेचा काही उपयोग नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात ड्यूरी शेवटचा गायला. २७ मार्च २००० रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, तो गेला. त्या वेळी आपल्याकडे पल्स पोलिओची मोहीम चालू होती. रविवारी सकाळी बूथवर रांगा लागायच्या आणि थेंब घेतलेल्या पोरांच्या बोटाला शाईची खूण केली जायची. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावड्याला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं, ती तारीख होती २७ मार्च २०१४. हा योगायोगच, पण ड्यूरीला तो आवडला असता. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे, म्हणून आपले थेंब थांबलेले नाहीत, हेही विसरू नये.

त्या बंदी घातलेल्या गाण्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. २९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये पॅरालिम्पिक स्पर्धांचं उद्घाटन झालं. ‘ग्रीये’ या अपंग कलावंतांच्या नाटक कंपनीच्या कलाकारांनी तिथे ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ सादर केलं. कुणी चाकाच्या खुर्चीवर, कुणी कुबड्यांवर. मायक्रोफोनही त्यांच्याच हातात होता. राणी एलिझाबेथ प्रेक्षकांत होत्या. ड्यूरी जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या रात्री कुणाच्याही पुढे नाण्यांची पेटी नव्हती. शक्य झालं तर ते गाणं जरूर मिळवून ऐका. थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.