माशांनी वसवलं, माशांनी उठवलं!

बालमित्रांनो, एखाद्या गावाचं नशीब माशाच्या शेपटीला बांधलेलं असतं, असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल ना? पण स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर एका बेटावर मार्स्ट्रांड नावाचं चिमुकलं गाव आहे. त्याची गोष्ट ऐका.

१६५८ साली डेन्मार्कशी तह झाला आणि हा किनारा स्वीडनच्या ताब्यात आला. आलेला मुलूख राखायला हवा! म्हणून गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर कार्लस्टेन किल्ला उभा राहू लागला. त्याचे दगड वाहिले कोणी? कैद्यांनी. पायांत बेड्या आणि समोर बोचऱ्या वाऱ्याचा समुद्र. त्या भिंती बघताना हे विसरू नका हं.

मग १७४७च्या सुमारास नवल घडलं. हेरिंग मासे (आपल्या तारलीचेच भाऊबंद) किनाऱ्याशी झुंडीच्या झुंडी येऊ लागले. काही मासे खारवून पिंपांत भरायचे, उरलेले मोठ्या कढयांत उकळून तेल काढायचं. त्या तेलावर दिवे जळत. वास मात्र विचारू नका! १७७५मध्ये राजाने मार्स्ट्रांडला मुक्त बंदर केलं. जकात माफ, शिवाय कोणत्याही धर्माच्या माणसाला इथे राहायची मुभा. त्या काळच्या स्वीडनमध्ये ही फार मोठी गोष्ट होती. १७९४ साली ही सवलत गेली. आणि १८०९च्या सुमारास मासेही गेले! आले तसेच, न सांगता. कढया थंड पडल्या, माणसं पोटासाठी दुसरीकडे निघाली.

किल्ल्यातले कैदी मात्र कुठे जाणार? त्यांच्यातच होता लासे-माया. खरं नाव लार्स मोलिन. हा पठ्ठ्या बायकांचे कपडे घालून चोऱ्या करायचा! चर्चमधली चांदी चोरल्याबद्दल १८१३ साली त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात तो उत्तम स्वयंपाकी म्हणून नावाजला. आपली कहाणीही त्याने तिथेच लिहिली आणि ती लोकांनी आवडीने वाचली. तब्बल पंचवीस वर्षांनी, १८३८मध्ये, त्याला माफी मिळाली. आज स्वीडनमधली मुलं ज्या लासे आणि माया या बालगुप्तहेरांच्या गोष्टी वाचतात, त्यांची नावं याच चोरावरून आली आहेत. आहे की नाही गंमत? चोराचं नाव, आणि काम चोर पकडायचं!

पुढे समुद्रस्नानासाठी पाहुणे येऊ लागले. राजा दुसरा ऑस्करही उन्हाळ्यात यायचा. गाव पुन्हा सावरलं, ते असं. आता तिथे शिडांच्या होड्यांच्या शर्यती होतात. बेटावर मोटारींना बंदी आहे. पलीकडच्या काठावर गाडी ठेवायची, फेरीबोटीत बसायचं, की काही मिनिटांत तुम्ही धक्क्यावर. मान वर केलीत की दिसतो तो कार्लस्टेनचा गोल बुरूज.