काच, रबर आणि पत्रा यांची साक्ष

टायरच्या बाजूवर, कंपनीच्या नावापासून जरा लांब, एका लंबगोलात चार आकडे उठवलेले असतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, साच्यातून बाहेर पडला. उद्या एखाद्या खेपेत दोष निघालाच, तर नेमके तेवढे टायर शोधता यावेत म्हणून कारखाने ही नोंद करतात. जुनी गाडी घेणाऱ्याचा विचार ती करणाऱ्यांच्या मनात नसतो, आणि म्हणूनच ती इतकी विश्वासार्ह असते.

कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत २०१९ची सेडान विकायला आहे असे समजा. मीटरवर तीस हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२२चे. टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतो; तीन वर्षांत तो नुसत्या वयाने म्हातारा होत नाही. मग मूळचे टायर गेले कुठे? कदाचित काही सरळ कारण असेल. पण प्रश्न विचारायला तुम्हाला आधार मिळाला, आणि तोही मालकाच्या तोंडून नव्हे, रबराकडून.

आता काचा पाहा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा छाप आणि सालाची खूण असते. गाडीच्या सगळ्या काचा सहसा एकाच बनावटीच्या आणि एकाच सुमाराच्या असतात. पुढची काच खडी उडून फुटते, हायवेवर हे कोणाचेही होते. पण डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा बाकीच्यांपेक्षा दोन वर्षांनी धाकट्या निघाल्या, तर त्या बाजूला काय आदळले होते हे विचारायला हवे. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते. आणि मला सर्वात विलक्षण वाटते ती खूण प्लास्टिकच्या भागांवर असते. बोनेट उघडून हेडलाइटच्या मागच्या अंगाला किंवा कूलंटच्या टाकीवर टॉर्च मारा. रुपयाहून लहान एक वर्तुळ दिसेल, कडेने १ ते १२ आकडे, मध्ये साल आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे, त्या महिन्यात तो भाग साच्यात ओतला गेला. साचा बसवणारा कामगार दर महिन्याला तो बाण स्क्रूड्रायव्हरने फिरवतो. डावा दिवा मार्च २०१९चा आणि उजवा ऑगस्ट २०२१चा असेल, तर उजव्या कोपऱ्याची हकिगत विक्रेत्याने सांगायच्या आधीच तुम्हाला कळलेली असते.

एक सेडान म्हणजे हजारो सुटे भाग, आणि ते बनवणारे कारखानेही पुष्कळ. प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी आपापली खूण केली. मीटर मागे फिरवणारा माणूस एक आकडा बदलतो. रबर, काच, प्लास्टिक, पट्टा, पत्रा या सगळ्यांच्या साक्षी तो एकमेकींशी जुळवून आणू शकत नाही. जुनी गाडी पारखणे म्हणजे या साक्षी एकमेकींशी ताडून पाहणे, आणि हे काम कोणत्याही चौकस माणसाला जमण्यासारखे आहे.

पुण्यात तर अधिकच. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात गाड्या आणि त्यांचे भाग बनवण्यात माणसांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मध्यम आकाराच्या सेडानमध्ये फियाट लिनिया रांजणगावची. फोक्सवॅगन व्हेंटो २०१० पासून चाकणची, आणि तिच्या जागी २०२२ मध्ये आलेली व्हर्टसही तिथलीच. तुमच्या सोसायटीत प्रेस शॉपमधून, टूलरूममधून किंवा क्वालिटीतून निवृत्त झालेले कोणी काका असतीलच. एजंटऐवजी त्यांना सोबत न्या. ओळखीचा मेकॅनिक इंजिन पाहील, पण पत्र्याकडे या लोकांची नजर वेगळीच जाते.

पत्र्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. ‘चासीला मार लागलाय का?’ हा जुन्या बाजारातला पहिला प्रश्न. पण आजच्या सेडानला ट्रकसारखी वेगळी चासी नसतेच. सगळी बॉडी मिळूनच सांगाडा होतो. पातळ पत्र्याचे तुकडे काही हजार ठिकाणी स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून धरायचे आणि सेकंदाच्या एका लहानशा अंशापुरता हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. पत्रे जिथे भेटतात नेमके तिथेच वितळतात, आणि थंड झाल्यावर उरतो एक गोल, उथळ खळगा. यंत्रमानवाने केलेले हे खळगे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, एका ओळीत असतात. दाराच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग हाताने ओढा, ते सहज निघते, आणि खाली ही ओळ दिसेल. डिकीतली स्टेपनी काढून तळ पाहा, बोनेटखाली इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे, म्हणजे ऍप्रन, पाहा. ओळ मध्येच तुटली असेल, खळग्यांच्या जागी वेल्डिंगची ओबडधोबड रेघ असेल किंवा सांध्यात भरलेले सीलंट एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बोटाने सारवल्यासारखे असेल, तर तिथे पत्रा कापून जोडला आहे.

याला एवढे महत्त्व का द्यायचे? गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडण्यासाठी घडवलेला असतो. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली आणि १९५९च्या गाडीत ती प्रत्यक्षात आली: माणसे बसतात तो कप्पा घट्ट ठेवायचा, पुढचे-मागचे भाग ठरल्या जागी घड्या पडत मोडू द्यायचे, म्हणजे धडकेची ऊर्जा पत्र्यात जिरते. एकदा घडी पडलेला पत्रा सरळ करता येतो, रंगवता येतो. पण दुसऱ्या धडकेत तो त्याच हिशेबाने मोडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून बंपर आणि फेंडरवरचे ओरखडे, डेंटिंग-पेंटिंग मी माफ करीन. पुण्याच्या रहदारीत ते कोणाला चुकले नाहीत. ऍप्रन, पिलर आणि तळाच्या पत्र्यावरची दुरुस्ती दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊ नका.

रंगही बोलतो. कारखान्यात उघडी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीजप्रवाह सोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीने ज्या फटीत ब्रश कधीच पोचणार नाही तिथेही जाऊन बसतात. मग भट्टी, मग प्रायमर, रंग, वरचा चकाकता थर. एवढे सगळे मिळून जाडी होते शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवल्याइतकी. पुन्हा रंगवलेला भाग दोनशे-तीनशेच्या वर जातो, आणि खाली पुट्टी भरली असेल तर त्याच्याही कितीतरी पुढे. जाडी मोजायचे खिशात मावणारे मीटर मिळते. ते नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक चालते: पत्र्यावर घट्ट बसणारे चुंबक पुट्टीवर सैल पडते.

इंजिन ऐकायला सकाळी जा, आणि चावी फिरवायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागले, तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन काही लपवू शकत नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर स्वस्थ धडधडत असते, तेव्हा सेकंदाला २५ स्फोट होत असतात. कानाला तो एकसंध आवाज वाटतो. एक सिलिंडर दगा देत असेल तर सेकंदाला सहा वेळा त्या आवाजात खाच पडते आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला ती जाणवते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खाते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जाते आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहा. तिथे दुधाळ चहाच्या सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे.

इंजिनाचा विषय निघाला की ॲव्हरेजचा प्रश्न येतोच. एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे. जाहिरातीत लिटरमागे किलोमीटरचा जो आकडा छापतात, त्याला देशभर लोक तिच्याच नावाने ओळखतात. तो आकडा रस्त्यावरचा नाही. गाडी रोलरवर उभी करून १,१८० सेकंदांचे एक ठरलेले वेळापत्रक चालवतात, साधारण साडेदहा किलोमीटरचे आणि ताशी ९० च्या वर न जाणारे. दोन गाड्यांची तुलना करायला ते उत्तम, लक्ष्मी रोडवरचा ॲव्हरेज सांगायला नव्हे. जुन्या गाडीच्या बाबतीत एखादी खरीखुरी चढणच जास्त सांगते. चौघे जण बसून दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही असे झाले, तर क्लच प्लेट संपली.

याच संस्थेची आणखी एक गोष्ट जुनी डिझेल सेडान घेणाऱ्याला ठाऊक हवी. २०१५ साली फोक्सवॅगनच्या ईए १८९ डिझेल इंजिनांतली प्रदूषण चाचणी चुकवण्याची लबाडी जगभर उघडी पडली, तेव्हा इथल्या गाड्यांची तपासणी एआरएआयने केली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्या समूहाने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले. होंडा सिटीच्या जुन्या पिढ्यांच्या अनेक गाड्या टकाटा एअरबॅगसाठी बोलावल्या गेल्या. त्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जातो आणि बॅग उघडताना धातूचे डबडेच फोडू शकतो. गाडीवर कोरलेला सतरा अक्षरांचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरला दिला, की असे काही काम बाकी आहे का ते कळते. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. आरसीवरचा नंबर पत्र्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा.

गाडीला स्मरणशक्तीही असते. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात लहानसा स्कॅनर लावला की मोबाइलवर दोषांचे कोड येतात. पी०३०० म्हणजे सिलिंडर चुकतो आहे, पी०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट थकला आहे. विक्रेत्याने आदल्या रात्री सगळे कोड पुसले असतील तर? तेही कळते. पुसल्यावर गाडीचा संगणक आपल्या आतल्या चाचण्या पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या पुऱ्या व्हायला बरेच चालवावे लागते. रोज वापरातली म्हणून सांगितलेली गाडी सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असेल, तर काहीतरी नुकतेच पुसले गेले आहे.

पुण्यात आणखी एका गोष्टीची भीती बाळगायलाच हवी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे नेली आणि गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटले आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीतले पार्किंग बुडाले. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या पाऊण पटीवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. पण भंगार म्हणून विकलेल्या अशा गाड्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. त्यांचा त्रास सावकाश सुरू होतो: वायरिंगच्या जोडात शिरलेले पाणी तांबे हिरवे करत जाते, आणि सहा महिन्यांनी एक एक दिवा, एक एक सेन्सर बंद पडू लागतो. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, कारण तिथवर धुवायला कोणी जात नाही. सीटखालच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा फोम पाहा. एसी बंद करून काचा लावून दोन मिनिटे बसा आणि वास घ्या. आमच्याकडे असे काही झाले नाही, या शब्दावर विसंबू नका.

राहिले कागद. त्यातला विम्याचा कागद सर्वात कमी वाचला जातो. दावा न करता गेलेल्या वर्षांसाठी नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के असा चढत जातो. ‘एकही अपघात नाही’ म्हणणाऱ्या एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी, आणि बोनस २० टक्के? म्हणजे मधे केव्हातरी दावा झाला. तो कशाचा, ते विचारा. थकलेली ई-चलने आणि बँकेचा बोजा पैसे देण्याआधी तपासा; कर्ज फिटले असेल तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचे पत्र हातात घ्या. सौदा ठरला की २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या होतात, चासी नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते. गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीलाही १४ दिवसांच्या आत अर्ज द्या, कारण गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमच्या नावावर होत नाही.