मेंढीला हवी पडून राहायला जागा

जखमी मेंढी पुष्कळदा जखमेने मरत नाही, जखमेनंतरच्या आबाळीने मरते. आजारी जनावराला ठेवून घ्यावं लागतं, हे मुंबईला बैल-घोड्यांच्या काळातच उमगलं होतं. 1874 साली शहरात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था इथे स्थापन झाली. पुढे चिंचपोकळीच्या शेजारी, परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये त्याच्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. आधी जनावराला निवारा, मग डॉक्टर घडवणारी शाळा, हा क्रम मला मोलाचा वाटतो. अलीकडे, 2024 मध्ये, सात रस्त्याजवळ टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी सुरू झालं. मेंढपाळाच्या वाटेवर मात्र अशी सोय क्वचितच भेटते.

मेंढीला अशा सोयीची गरज जास्त, कारण ती दुखणं लपवते. मागे पडणाऱ्या मेंढीला लांडगा आधी हेरतो, म्हणून अंगात त्राण असेतो ती कळपाबरोबर चालत राहते. त्यात लोकर जखम झाकते. कुत्र्याने धरलेल्या मेंढीच्या अंगावर वरून दातांच्या दोन खुणा दिसतात, पण लोकर कातरली की खाली चिरडलेलं मांस सापडतं. म्हणून आधी कात्री, मग औषध. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून जखम भरपूर धुवायची आणि पोव्हिडोन आयोडीन लावायचं. उबेच्या दिवसांत माशीच्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या होतात, तेव्हा जखम सकाळ-संध्याकाळ पाहायला हवी. धनुर्वाताचं, आणि कुत्रा चावला असेल तर रेबीजचं इंजेक्शन डॉक्टरांकडून लगेच घ्यावं. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम चालतं. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडंही मरतात. एवढं झालं की खरी सेवा सुरू होते. मेंढी कुशीवर पडून राहिली की पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. तिला छातीवर बसती करून दोन्ही बाजूंनी पेंढ्यांचा टेकू द्यावा, दर काही तासांनी कूस बदलावी. ताकद यावी म्हणून एकदम धान्य चारलं तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते. सुका चारा आणि पाणीच बरं. मान उंच करून औषध ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि समोर दुसरी मेंढी दिसत राहायला हवी, नाहीतर एकटी पडलेली मेंढी घाबरून खाणं टाकते.

एका मेंढीसाठी एवढा खटाटोप परवडतो का, हा प्रश्न रास्त आहे. पण वरच्या यादीत महाग फारसं काही नाही. लागतो तो माणसाचा वेळ. गुडघ्याखाली मोडलेला पाय नीट बांधला तर साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतो आणि तरुण मेंढी पुढे कित्येक कोकरं देते. शेवटी ती कापलीच जाणार, असंही म्हणतात. पण प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या यातना टाळण्याची जबाबदारी टाकली आहे. जनावर कशासाठी पाळलं, यावर ती ठरत नाही. जी मेंढी बरी होणारच नाही, तिला डॉक्टरांच्या हातून वेदनेविना मरण देणं हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे.

सगळ्यात बिनतोड आक्षेप मेंढपाळाचा आहे: थांबायचं कुठे? 1962 क्रमांकावर फोन केला तर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळू शकतं, जखम शिवूनही होते. पण सकाळी वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, गुंडाळून वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कळपासह तळ, पुढे निघतो. कोकरू घोड्यावर बसवता येतं, मोठी मेंढी नाही. मागे राहिलं तर दुसऱ्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचं ठरलेलं असतं, ते बुडतं. यात मेंढपाळाचा निष्काळजीपणा पाहणं अन्याय आहे. घाटवाटांवरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांना चार-सहा मेंढ्या राहतील एवढी शेड, चारा आणि रोज जखम पाहणारा एक माणूस दिला, तर हा आक्षेप बराचसा सुटेल. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे वाडे पावसाआधी परत घाटावर चढतात. उतरताना ठेवलेली मेंढी चढताना नेता येईल, आणि तोवर मोडलेला पाय जुळलेला असेल.