चंपाषष्ठीचा तोडा

सकाळी 6.30
हातात कात्री आणि प्लॅस्टिकची पिशवी. तोडणी नंतर, आधी शेंडे. दुपारच्या उन्हात अख्खी बाग मरगळते, तेव्हा काही कळत नाही. रात्रीतून झाडं तरारतात. तरीही सकाळी एखाद्या शेंड्यानं मान टाकलेली असली, तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे असं समजायचं. शेंडा दोन बोटं खालून कापायचा, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि ती दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायची. बांधावर फेकला तर अळी खाली उतरून कोष करते आणि पाखरू आपल्याच झाडावर अंडी घालायला येतं.

सकाळी 7.30
तोडणी. सालीला चकाकी आहे तोवर वांगं कोवळं. चकाकी गेली की बी धरलंच. ओढून तोडलं तर फांदी मोडते, म्हणून देठासकट कापायचं. देठाचे काटे बोटांना भेटतातच. छिद्राची फळं वेगळ्या टोपल्यात जातात, जनावरांसाठी.

सकाळी 9
वाटे केले. आषाढात लावलेली रोपं आश्विनापासून फळं देतात, पण आमच्या घरात चातुर्मासात वांगं शिजत नाही. आत्याबाईंचा नेम तर थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्यामुळे आजवरचे सगळे तोडे तुळजापूरच्या बाजारात गेले. आज पहिल्यांदा घरासाठी वांगी काढली, तीही मोजून भरताएवढीच.

सकाळी 11
गोवऱ्यांवर वांगी भाजली. भरतात पातीचा कांदा आणि लसूण, जोडीला बाजरीचे रोडगे. नैवेद्य खंडोबाला. आमच्या तालुक्यातला खंडोबा वर्षातला काही काळ अणदूरला तर काही काळ नळदुर्गला राहतो. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला भरते.

दुपारी 2
शेजारची जाऊबाई विचारते, "कापशीसारखं वांग्याचंही बीटी बी मिळतं का गं?" शेंडा पोखरणाऱ्या याच अळीसाठी जालन्याच्या महिको कंपनीनं ते तयार केलं होतं. 2010 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. बांगलादेशात मात्र 2014 पासून शेतकरी ते लावतात. म्हणजे आपल्याकडे कात्री.

दुपारी 4
ठिबकच्या नळ्या तपासल्या, कामगंध सापळ्यातले नर पतंग काढले. ही बाग माझ्या वाट्याच्या तुकड्यातली. आमच्या भागात बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात भाजी, डाळी, धान्य मिसळून पिकवायला सुरुवात केली, ती स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून. 1993 च्या भूकंपानंतर इथं रुजलेल्या या संस्थेला 2016 मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुकडा स्वतःच्या नावचा नसला तरी त्यात काय लावायचं हे बाईनं ठरवायचं, हा त्यातला खरा बदल.

संध्याकाळी 5.30
अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रीच पाण्यात भिजत घातली होती. ती गाळून दहा लिटर अर्क केला आणि पानांच्या खालच्या बाजूनं फवारला. कडक उन्हात अर्काची ताकद जाते, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि तोडा झाल्यावरच. चांगल्या झाडाचं एक वांगं बियाण्यासाठी पिवळं होऊ दिलंय. त्याला कुणी हात लावायचा नाही.

रात्री 8
भरीत संपलं. आत्याबाई म्हणाल्या, "उद्या भरलं वांगं कर माय."
"पुढचा तोडा चार दिवसांनी आहे, आत्याबाई."
चार महिने ज्यांनी वांग्याचं नाव काढलं नाही, त्यांना आता चार दिवस जड झालेत.