घरच्या घरी मशरूम कसे वाळवावे? भिजवलेले पाणी फेकायचे की रश्शात घालायचे? जाणून घ्या

राळेगणसिद्धीचे नाव निघाले की आधी पाणलोट विकास आणि थेंब-थेंब अडवलेले पाणी आठवते. हे गाव ज्या पारनेर तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण भाग. पाऊस कमी आणि पावसाळा सरला की हवा कोरडी. शेतीला ही हवा जड जाते, पण वाळवणाला याहून चांगली हवा नाही. कुरडया, सांडगे ज्या गच्चीवर वाळतात, तिथेच मशरूमही वाळवता येते. मात्र त्याची पद्धत थोडी वेगळी आहे आणि ती चुकली तर बुरशी लागते किंवा पोट बिघडते.

मशरूम वाळवायचे कशासाठी?

ताज्या मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे धिंगरी मशरूम बाहेर जेमतेम एक दिवस आणि फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहते. गव्हाच्या काडावर धिंगरी घेणाऱ्या छोट्या उत्पादकाची खरी अडचण हीच असते. पिशव्यांमधला माल एकदम तयार होतो आणि त्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो वाया जातो. वाळवलेला माल मात्र कित्येक महिने टिकतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित मशरूम संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. नव्याने लागवड करू पाहणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी.

कोणते मशरूम वाळवावे?

घरी वाळवायला सर्वात सोपे धिंगरी, म्हणजेच ऑयस्टर. ते पातळ असते, हातानेच उभ्या पट्ट्या फाडता येतात. बटन मशरूमचे साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप करावे लागतात. ते काळे पडू नयेत म्हणून किंचित मीठ आणि लिंबाचा रस घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळून घ्यावेत. धिंगरीला याची गरज नाही.

वाळवण्याची पद्धत काय?

- मशरूम पाण्यात बुडवून ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा झटपट धुऊन कोरडे करा.
- चाळणीवर किंवा स्वच्छ कापडावर एकाच थरात पसरा आणि वरून पातळ सुती कापड टाका.
- कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. संध्याकाळी घरात घ्या, नाहीतर वाळलेले मशरूम दवातले पाणी पुन्हा शोषते.
- ड्रायर किंवा ओव्हन असेल तर तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस ठेवा. जास्त तापवल्यास बाहेरचा थर कडक होतो आणि पाणी आतच अडकते.

पावसाळ्यात उन्हावर विसंबू नका. हवेत दमटपणा असेल तर वाळण्याआधीच बुरशी धरते.

पुरेसे वाळले, हे कसे ओळखावे?

इथे स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला येतो. १ किलो ताज्या मशरूममध्ये ९०० ग्रॅम पाणी धरले, तर घन भाग उरतो १०० ग्रॅम. साठवणीसाठी ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे वाळलेल्या मालाचे वजन साधारण १११ ग्रॅम भरले पाहिजे. काट्यावर १५० ग्रॅम दिसत असतील तर त्यात अजून एक तृतीयांश पाणी आहे. असा माल डब्यात भरला की खराब होणारच. ताज्या मालातले पाणी थोडे कमी-जास्त असते, म्हणून दुसरी खूणही पाहा: तुकडा वाकता कामा नये, चुटकन मोडला पाहिजे.

थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पहिला आठवडा रोज बरणी हलवून पाहा. आतून काच ओलसर दिसली तर पुन्हा ऊन द्या.

भिजवायचे कसे? ते पाणी फेकायचे का?

धिंगरी किंवा बटन कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटांत मऊ होते. बाजारातले सुके शिटाके जाड असते, ते फ्रीजमध्ये थंड पाण्यात काही तास ठेवावे. पाणी फेकू नका, चव त्यातच उतरते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा कुनिनाका यांनी १९५७ मध्ये सुक्या शिटाकेच्या चवीमागे ग्वानिलेट हा घटक असल्याचे दाखवले. टोमॅटोतल्या ग्लुटामेटबरोबर तो आला की चव कित्येक पटींनी वाढते. मात्र तळाशी माती बसते, म्हणून पाणी मलमलच्या कापडातून गाळून घ्या.

त्याचे काय बनवता येईल?

चौघांसाठी २० ग्रॅम सुके मशरूम पुरते. कांदा-खोबऱ्याचे वाटण तेलात परतून त्यात टोमॅटो, काळा मसाला आणि पिळून घेतलेले मशरूम घाला. गाळलेले पाणी ओतून १०-१२ मिनिटे उकळा. बाजरीच्या भाकरीबरोबर हा रस्सा चांगला लागतो. मशरूमची मिक्सरवर पूड करून ठेवली, तर मासवडीच्या रश्शात किंवा हुलग्याच्या शेंगोळ्यांत चमचाभर घालता येते. पूड थेट गरम तेलात टाकू नका, लगेच करपते.

'प्रोटीनचा खजिना' हा दावा खरा का?

अर्धाच. सुक्या धिंगरीत वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के प्रथिने असतात. पण एका माणसाच्या वाट्याला ५ ग्रॅम सुके मशरूम येते, म्हणजे प्रथिने जेमतेम १ ते दीड ग्रॅम. त्यामुळे डाळ-उसळीला हा पर्याय नाही. उन्हाचा एक फायदा मात्र खरा आहे: ताज्या कापांवर ऊन पडले की त्यांच्यातल्या एर्गोस्टेरॉलपासून 'ड२' जीवनसत्त्व तयार होते.

धोका कुठे आहे?

- रानातले मशरूम: पावसाळ्यात उगवणारे अनोळखी मशरूम वाळवून किंवा शिजवून सुरक्षित होत नाही. अमाटॉक्सिनसारखे विष उष्णतेने नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणे अनेकदा सहा तासांनंतर दिसतात. शंका आली तर घरगुती उपाय न करता उरलेला तुकडा घेऊन थेट रुग्णालयात जा.
- फार वेळ भिजवणे: चीनमध्ये दीर्घकाळ भिजत ठेवलेल्या काळ्या बुरशीतून, म्हणजे तिथे खाल्ल्या जाणाऱ्या मशरूममधून, बोंगक्रेकिक आम्लाची जीवघेणी विषबाधा झाली आहे. हे विषही शिजवून जात नाही. त्यामुळे ओट्यावर रात्रभर भिजत ठेवू नका. बुळबुळीत झाले किंवा वास आला तर फेकून द्या.
- कच्चे शिटाके: अर्धवट शिजलेल्या शिटाकेमुळे काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. ते नेहमी पूर्ण शिजवा.

पहिल्यांदा करत असाल तर पाव किलो धिंगरीपासून सुरुवात करा. नीट वाळल्यावर काट्यावर साधारण २८ ग्रॅम दिसले पाहिजेत.