जुना बंब पुन्हा पेटवताना

उधना–जळगाव रेल्वेमार्गावरच्या गावांतून सुरतेत आलेल्या खानदेशी कुटुंबांची लिंबायतमध्ये मोठी वस्ती आहे. गावाकडचा तांब्याचा बंब कुणाच्या माळ्यावर अजून असेल, तर पेटवण्याआधी तो रिकामा करून उजेडात धरावा. मधल्या नळीत काजळी दाटलेली असते, तळाची जाळी गंजलेली असते आणि सांध्यांवर हिरवट ओघळ दिसला, की तिथून पाणी झिरपतंय हे नक्की.

आधी पाणी, मग जाळ.

आजीचा हा नियम धातुशास्त्राला धरून आहे. कथिल-शिशाचा डाख 183 अंश सेल्सिअसपासूनच वितळू लागतो. भोवती पाणी असेल तोवर सांधा शंभर अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपलं की डाख सुटतो. म्हणून दुरुस्ती तांबटाकडूनच करून घ्यावी आणि वाफ जायची वाट कधीही बंद करू नये.

खरा धोका मात्र जागेचा आहे. गावात बंब अंगणात असे, इथे न्हाणीघर चार हातांचं. लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. तेव्हा बंब गच्चीवर किंवा उघड्यावरच ठेवावा. साड्यांच्या कारखान्यातल्या चिंध्या जाळायला फुकट मिळतात, पण पॉलिएस्टर वितळून जाळीला चिकटतं, धूरही विषारी होतो. सुकं लाकूडच वापरा.

डोकं जड झालं, मळमळलं, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि 108 ला फोन करा.